वजन उतरवावयाचे असल्यास भात वर्ज्य करावा काय?

कोकणपट्टी, मावळ, कोल्हापूरचा पश्चिम भाग आणि पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे मिळून महाराष्ट्राचा भात पिकविणारा व भात खाणारा प्रदेश होतो. शेजारच्या गोव्याचा आहारही भाताभोवतीच उभा आहे. मराठीत उभ्या पिकाला भात म्हणतात, खळ्यावरील दाण्याला भात म्हणतात आणि शिजवून ताटात वाढलेल्या अन्नालाही भातच म्हणतात. अशा घरातील एखाद्या माणसाचे वजन वाढले, गुडघे दुखू लागले किंवा रक्तातील साखर वाढल्याचे आढळले की त्याला पहिला सल्ला मिळतो तो 'भात बंद करा' असा.

सल्ला तीन शब्दांचा आहे. परंतु तो अमलात आणताना घराची घडी विस्कटते. कणगीत वर्षभराचे भात भरलेले असता बाजारातून गहू विकत आणावा लागतो. एकाच चुलीवर दोन प्रकारचा स्वयंपाक होतो. सल्ला घरातील स्त्रीला मिळालेला असेल तर ती स्वतःसाठी वेगळे काही रांधीत नाही. इतरांना भात वाढते व आपण चहा आणि खारी-बिस्किटावर वेळ काढते. तीन-चार आठवड्यांनी हा नेम मोडतो, भात पुन्हा सुरू होतो आणि उतरलेले वजनही परत येते. यास्तव हा सल्ला मुळात कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी कुटुंबांना उपयुक्त ठरेल.

तांदळात उष्मांक किती?

शरीराला अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. खर्च होतात त्यापेक्षा अधिक उष्मांक पोटात गेले की शिल्लक राहिलेली शक्ती चरबीच्या रूपाने साठते. कमी गेले की साठा मोडून वापरला जातो. वजन वाढण्या-उतरण्याचा मूळ हिशेब इतकाच आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३५५ उष्मांक असतात. तेवढ्याच गव्हाच्या पिठात सुमारे ३२०, ज्वारीत ३३५, बाजरीत ३५० आणि नाचणीत ३२० उष्मांक असतात. म्हणजे वजनास वजन धरले तर तांदूळ व इतर तृणधान्ये यांत फार मोठे अंतर नाही. जो मनुष्य भात सोडून तेवढ्याच वजनाच्या पिठाच्या पोळ्या खाऊ लागतो व त्यांना वरून तूप किंवा तेल लावतो, त्याच्या उष्मांकांत घट न होता वाढच होण्याचा संभव असतो.

अंतर आहे ते तंतुमय पदार्थांत. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमहून कमी असतात. गहू, ज्वारी, बाजरी व नाचणी यांत ते १० ते ११ ग्रॅम भरतात. तंतुमय पदार्थ पोटात अधिक काळ राहतात, चावण्यास वेळ लागतो व पोट भरल्याची जाणीव लवकर होते. भाकरी चावावी लागते. मऊ भात, त्यावर पातळ आमटी, आणि तो कालवून खाण्याची आपली रीत यामुळे घास न चावताच उतरतो. पहिला वाढा संपून दुसरा केव्हा घेतला याचे भान राहत नाही. भाताचा दोष शोधावयाचा तर तो येथे आहे. भात अधिक खाल्ला जातो. एक ग्रॅम भात एक ग्रॅम भाकरीपेक्षा विशेष लठ्ठ करतो असे मात्र नाही.

भाताने वजन वाढतेच, हा समज किती सैल आहे याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. ड्यूक विद्यापीठातील डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ सालापासून उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असलेल्या रुग्णांना भात, फळे व साखर एवढाच आहार देण्यास प्रारंभ केला. मीठ व स्निग्ध पदार्थ जवळजवळ वर्ज्य होते. रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि पुष्कळांची वजनेही उतरली; पुढे केवळ वजन कमी करण्यासाठीही लोक तेथे जाऊ लागले. हा आहार फार कडक, प्रथिनांनी अपुरा व डॉक्टरांच्या सतत देखरेखीखालचा होता. घरी त्याचे अनुकरण कोणीही करू नये. तथापि एकूण उष्मांक मर्यादेत असले तर भात खाऊनही वजन उतरते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

याच्या उलट अनुभव आपल्याकडे रोज येतो. भात सोडला म्हणणारा मनुष्य सकाळी पोहे खातो, चहाबरोबर घावन किंवा आंबोळी घेतो, दुपारी तांदळाची भाकरी खातो आणि सायंकाळी कुरमुऱ्यांचा चिवडा फस्त करतो. हे सर्व तांदूळच आहेत. ५० ते ६० ग्रॅम पिठाच्या एका तांदळाच्या भाकरीत सुमारे २०० उष्मांक असतात आणि तिच्यातील पीठ बारीक दळलेले असल्याने ते भातापेक्षा सावकाश पचते असे नाही. भात सुटला तरी तांदूळ सुटलेला नसतो. म्हणून हिशेब करावयाचा तो दिवसभरात पोटात गेलेल्या एकूण तांदळाचा.

सडण्याने काय जाते

आता कोणता तांदूळ खावा याचा विचार करू. भाताच्या दाण्यावर बाहेर तुसाचे आवरण असते. १०० किलो भातात तूस सुमारे २० किलो निघते. तूस काढल्यावर जो दाणा उरतो तो असडी तांदूळ. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर व टोकाशी अंकुर असतो. हे दोन्ही घासून काढले की सडीचा पांढरा तांदूळ मिळतो. कोंडा व अंकुर मिळून भाताच्या वजनाच्या ८ ते १० टक्के भरतात. परंतु तांदळातील तेल, तंतुमय पदार्थ, ब गटातील जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा मोठा वाटा याच भागात असतो. माणसाच्या ताटातून काढलेला हा भाग गुरांच्या आंबोणात जातो अथवा तेलाच्या कारखान्याला विकला जातो.

या थराचे मोल जगाला कळले ते एका रोगामुळे. जावा बेटात १८९० च्या दशकात डच वैद्य आइकमान यांना असे आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व असडी तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी हा रोग याच जातीचा होता. पुढे त्याचे कारण ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव हे ठरले व आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या देशात आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्या लोकांत बेरीबेरी दिसे. उकडा तांदूळ खाणारे मात्र त्यातून बहुधा वाचत.

उकड्या तांदळाचे हे वैशिष्ट्य कोकण व गोव्यातील घरांना नवे नाही. भात भिजवून तुसासकट उकडतात किंवा वाफवतात, उन्हात वाळवतात आणि मग सडतात. उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतो, त्यामुळे नंतर दाणा सडला तरी तो सगळा नाहीसा होत नाही. दाण्यातील पिष्ट एकदा फुलून पुन्हा घट्ट बसते. परिणामी दाणा गिरणीत कमी फुटतो, कणी कमी पडते, शिजल्यावर भात मोकळा व टणक राहतो आणि पिष्टाचे पचन थोडे मंद होते. याच कारणाने, वजन किंवा साखर यांची चिंता असलेल्या माणसाला सुरय, म्हणजे न उकडलेल्या, पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा तांदूळ अधिक मानवतो. उकड्या तांदळाची पेज न्याहारीला घेण्याची रीत चांगली आहे. मात्र पेजेत शिते किती व निवळ किती, हे पाहिले पाहिजे. वाटीभर तांदळाची घट्ट पेज ही जेवणाइतकीच भरते.

असडी व हातसडीच्या तांदळाविषयी अलीकडे फार बोलले जाते व शहरांत तो महाग विकला जातो. त्याचे गुण खरे आहेत, पण ते वाजवीपेक्षा वाढवून सांगू नयेत. १०० ग्रॅम असडी तांदळातही सुमारे ३५० उष्मांक असतातच. तंतुमय पदार्थ सुमारे साडेचार ग्रॅम म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या दीडपट असले तरी ते ज्वारीच्या निम्म्यापेक्षा कमीच भरतात. लाभ होतो तो असा की, हा भात चावावा लागतो, थोड्यात पोट भरते आणि जीवनसत्त्वे व खनिजे अधिक मिळतात. जो मनुष्य असडी तांदूळ म्हणून दुप्पट वाढून घेईल त्याचे वजन उतरणार नाही.

लाल तांदळाबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लाल रंग दाण्याच्या आत नसून कोंड्याच्या थरात असतो. सिंधुदुर्गातील वालय, गोव्याच्या खाजण जमिनीतील कोरगुट किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला रत्नागिरी ७ हा लाल वाण घेतला आणि गिरणीत तो पांढरा होईपर्यंत घासला, तर लाल तांदूळ पिकविण्याचा खटाटोप व्यर्थ गेला. दाण्यावर लाल थर स्पष्ट दिसेल इतपतच तो सडावा. पाहुण्यांपुढे पांढराशुभ्र भात वाढण्याची हौस पुष्कळ घरांत अद्याप आहे. तिचा खर्च घरच्यांच्या पोषणातून भागवला जातो.

येथे गिरणीचा प्रश्न येतो. पूर्वी घिरट्यावर भात भरडून व उखळात मुसळाने सडून तांदूळ काढीत. हे काम स्त्रियांच्या कंबरेला मोडणारे होते. ते गेले याची हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु गावोगावच्या जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीत तूस काढणे व दाणा घासणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. त्यामुळे कोंडा ठेवून नुसते तूस काढावयाचे म्हटले तरी ते नीट साधत नाही; कणीही अधिक पडते. रबरी रोलच्या गिरणीत तूस काढण्याचा भाग निराळा व पॉलिशचा भाग निराळा असतो. तेथे गिरणीवाल्यास आधी सांगितल्यास असडी किंवा एकच हात दिलेला तांदूळ मिळतो. बचत गट किंवा शेतकरी गट लहान गिरणी घेण्याच्या विचारात असेल तर कृषी सहायकांनी ही बाब त्यांच्या नजरेस आणून द्यावी.

वाणावाणांतील फरक

एकाच प्रमाणात सडलेले दोन तांदूळही पोटात सारखे वागत नाहीत. तांदळातील पिष्टाचे अमायलोज व अमायलोपेक्टिन असे दोन प्रकार आहेत. अमायलोज अधिक असलेला भात मोकळा शिजतो, थंड झाल्यावर कडक होतो व सावकाश पचतो. अमायलोज कमी असलेला भात मऊ, चिकट व लवकर पचणारा असतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती झपाट्याने वाढते हे दाखविणाऱ्या आकड्यास ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. ग्लुकोज साखरेचा निर्देशांक १०० धरतात. ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी व ७० आणि त्यावरील जास्त समजला जातो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ यांनी २०११ साली २३५ वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निर्देशांक ४८ पासून ९२ पर्यंत आढळला व सरासरी ६४ आली. आंध्रातील मारुटेरू केंद्राचा स्वर्णा हा भारतात दूरवर पसरलेला वाण कमी निर्देशांकाच्या गटात निघाला. 'भात' या एका शब्दाखाली किती निरनिराळे पदार्थ येतात, हे या आकड्यांवरून कळावे.

प्रत्येक गावच्या वाणाचे अमायलोज मोजून मिळणे शक्य नाही. परंतु घरच्या स्वयंपाकिणीला प्रयोगशाळेवाचून बरेच कळते. ज्या तांदळाचा भात दाणा दाणा सुटा होतो तो बहुधा पहिल्या प्रकारचा व ज्याचा गोळा होतो तो दुसऱ्या प्रकारचा. आंबेमोहोर व मावळातील इंद्रायणी हे वासाला व चवीला उत्तम, पण मऊ व चिकट शिजणारे तांदूळ आहेत. सणावारी ते अवश्य खावेत. वजन उतरविणाऱ्याच्या रोजच्या ताटाला मोकळा शिजणारा तांदूळ बरा. मऊ भाताचा खप अधिक का, याचे उत्तरही यातच आहे: तो खाण्यास सोपा असतो.

निर्देशांक कमी म्हणजे उष्मांक कमी असा अर्थ कोणी करू नये. निर्देशांक साखर चढण्याचा वेग सांगतो, अन्नातील शक्तीचे माप सांगत नाही. शिवाय कोणीही कोरडा भात खात नाही. भातासोबत वरण, कुळथाची पिठी, भाजी, ताक किंवा मासळी असली तर साखर चढण्याचा वेग आपोआप मंदावतो. भात शिजवून थंड केल्यास पिष्टाचा काही अंश न पचणाऱ्या रूपात बदलतो हेही खरे. परंतु हा लाभ थोडा आहे. त्यासाठी उन्हाळ्यात भात तासन् तास उघड्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात उबेने वाढणारे काही जंतू विष तयार करतात व ते पुन्हा तापवल्यानेही नाहीसे होत नाही. आणि शिळ्या भाताला चार चमचे तेलाची फोडणी दिली तर एका चमच्यामागे ४५ उष्मांक वाढतात हे विसरू नये.

स्वस्त धान्य दुकानातून मिळणाऱ्या पोषणयुक्त तांदळाविषयी लोक विचारतात. त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून तयार केलेला असतो. तो दाणा तांदळाच्याच पिठाचा असतो, प्लास्टिकचा नसतो. निवडून फेकू नये. वजनाच्या दृष्टीने तो इतर पांढऱ्या तांदळासारखाच समजावा.

ताटाचा हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात सर्व तृणधान्ये मिळून सुमारे २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात असे सांगितले आहे. भातकरी प्रदेशातील घरांत हे प्रमाण उलटे पडलेले असते. भाताचा ढीग, त्यावर पातळ कालवण आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

उदाहरण घेऊ. एक प्रौढ मनुष्य सकाळच्या पेजेत ७५ ग्रॅम, दुपारी १५० ग्रॅम व रात्री १२५ ग्रॅम तांदूळ खातो. हे तांदूळ शिजवण्यापूर्वी तोललेले आहेत. शिजल्यावर १०० ग्रॅमचे अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतात. दिवसाचे ३५० ग्रॅम झाले, म्हणजे सव्वाबाराशे उष्मांक. नांगराच्या मागे चालणाऱ्या व लावणीत दिवसभर वाकलेल्या माणसाला ते पचत. आज चिखलणीला पॉवर टिलर आहे, मळणीला यंत्र आहे आणि बाजाराला जाण्यास मोटारसायकल आहे; ताट मात्र पूर्वीचेच राहिले आहे. या माणसाने पेजेला ५०, दुपारी ९० आणि रात्री ६० असे २०० ग्रॅम तांदूळ ठेवले तर सव्वापाचशे उष्मांक कमी झाले. भुकेला आधार म्हणून ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य व दीडशे ग्रॅम पालेभाजी, दुधी, पडवळ अशी भाजी वाढविली तर सुमारे १४० उष्मांक परत येतात. दिवसात चार कप चहा घेताना प्रत्येक कपातील साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली तर आणखी ८० वाचतात. निव्वळ घट साडेचारशेच्या पुढे जाते. या हिशेबाने महिन्याला दीड ते दोन किलो वजन उतरावे. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यानंतर वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला शक्ती कमी लागते. आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक घाई करू नये व कोणत्याही परिस्थितीत आहार दिवसाला १००० उष्मांकांखाली नेऊ नये.

या सर्व हिशेबात भात तीन वेळा ताटात आहे.

प्रमाण पाळण्याची सोपी युक्ती म्हणजे आधी भाजी व वरण वाढून घ्यावे आणि उरलेल्या जागेत भात घ्यावा. डावाने वाढण्याऐवजी ठरलेल्या वाटीने वाढावे. प्रत्येक घरची वाटी निराळी असते; म्हणून ती एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर तांदळाने भरून तोलून घ्यावी. रात्रीचे जेवण लवकर घेतल्यास बरेच. मासळी खाणाऱ्यांनी ती तळण्याऐवजी कालवणात घ्यावी, मात्र नारळाचे वाटण बेताचे असावे.

डाळीचा वाटा वाढवावयाचा तर ती विकतच आणली पाहिजे असे नाही. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर रायगड भागात वाल घेतात. कुळीथ, चवळी, मूग व विदर्भाकडे हरभरा यांनाही ती पुरते. भाताची पडीक खाचरे पुष्कळ गावांत दिवाळीनंतर गुरांना मोकळी सोडलेली दिसतात. त्यांपैकी पाच-सहा गुंठे जरी कडधान्याखाली आणले व गावाने मोकाट गुरांचा बंदोबस्त केला, तरी एका घराची वर्षाची उसळ निघते. आहाराचा हा प्रश्न निम्मा शेतातच सुटण्यासारखा आहे.

कोणी भात कमी करू नये

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे पाचवा हिस्सा उंचीच्या मानाने कमी वजनाचा आढळला, तर पाचव्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या. एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात, दोन्ही प्रकारच्या व्यक्ती असतात. म्हणून सभेत उभे राहून सर्वांना 'भात कमी करा' असे सांगणे धोक्याचे आहे. आधी वजन व उंची मोजावी. १५५ सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ व्यक्तीचे वजन साधारण ४४ ते ५५ किलो असावे. ६० च्या पुढे ते लठ्ठपणात मोडते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही पोटावरील चरबीची खूण होय. लहान मुले, गरोदर व स्तनदा माता, क्षयाचे रुग्ण आणि मुळातच कृश असलेली माणसे यांच्या ताटातील भात कोणीही कमी करू नये.

मधुमेहाच्या रुग्णांबाबत विशेष सावधगिरी हवी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के व गोव्यात सर्वांत अधिक, २६.४ टक्के, आढळले. त्याचे खापर एकट्या भातावर फोडता येणार नाही. परंतु भातकरी पट्ट्यात हा रोग उंबऱ्यापर्यंत आला आहे एवढे खरे. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एकाएकी भात बंद केला तर रक्तातील साखर फार खाली जाऊन घाम सुटणे, हातपाय कापणे, भोवळ येणे असे प्रकार घडतात. शेतात एकटा असलेला मनुष्य अशा वेळी संकटात सापडतो. आहार बदलण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाची मात्रा तपासून घ्यावी व खिशात साखरेची पुडी ठेवावी. याउलट काही प्रयत्न न करता ज्याचे वजन उतरत चालले आहे, त्याचे अभिनंदन करू नये. त्याची साखर व थुंकी तपासून घेण्यास आशा कार्यकर्तीने त्याला पाठवावे.

असडी तांदळाची निगा

ज्यांनी असडी किंवा अर्धवट सडलेला तांदूळ खाण्याचे ठरविले असेल त्यांनी तो एकदम फार काढून ठेवू नये. कोंड्यातील तेल हवेने खवट होते, किडाही लवकर लागतो. भात तुसासकट चांगले वाळवून कणगीत ठेवावे व दोन ते चार आठवड्यांस पुरेल इतकेच गिरणीत न्यावे. पावसाळ्यात ही मुदत आणखी कमी धरावी. शिजविण्यापूर्वी तांदूळ काही तास, शक्य तर रात्रभर, भिजत घालावा. एका वाटीस अडीच ते तीन वाट्या पाणी लागते. भिजवल्याने सरपण किंवा गॅस वाचतो. फार चोळून धुऊ नये. घरातील वृद्धांना व मुलांना हा भात आरंभी आवडत नाही. त्यांच्यासाठी पहिले काही आठवडे निम्मा पांढरा तांदूळ मिसळावा. दोन्ही तांदूळ वेगवेगळ्या वेळात शिजतात म्हणून असडी तांदूळ आधी टाकून पांढरा मागाहून घालावा. येत्या हंगामात वाण निवडताना विक्रीसाठी ज्याला भाव आहे तो वाण मोठ्या क्षेत्रावर घ्यावा, व घरच्या ताटासाठी मोकळा शिजणारा किंवा लाल वाण चार-पाच गुंठ्यांवर निराळा लावून त्याची कापणी, झोडणी व साठवणही निराळी करावी. एकदा खळ्यावर दाणे मिसळले की ते पुन्हा निवडता येत नाहीत.